हायगेटचे वाडे आणि बागांचे दरवाजे



उन्हे तापू लागली की सावलीची किंमत कळते. म्हणून या वसंतातल्या व्याख्यानासाठी आम्ही झाडांचाच विषय घेतला आहे. मात्र त्यासाठी आपणांस थोडे लांब, लंडनच्या उत्तरेस असलेल्या हायगेट या उपनगरात यावे लागेल. हे उपनगर टेकडीवर वसलेले आहे. लंडनच्या बिशपच्या शिकारीच्या रानातून जाणाऱ्या वाटेवर येथे जकातीचे फाटक होते. उंचावरचे फाटक म्हणून हायगेट. शहराचा धूर आणि रोगराई टाळावी या हेतूने श्रीमंत व्यापारी, सरदार आणि न्यायाधीश येथे येऊन राहिले. त्यांनी वाडे बांधले आणि वाड्यांभोवती बागा राखल्या. आज तेथे हिंडणाऱ्याला गर्द झाडी दिसते आणि ही सारी निसर्गाची कृपा, असे वाटते. आमचे म्हणणे असे की, या कृपेत निसर्गाचा वाटा थोडा आणि माणसांच्या खटपटीचा मोठा आहे. खाजगी बागेचा दरवाजा सर्वांसाठी कसा उघडला, हीच आजची कथा.

हायगेट आणि शेजारचे हॅम्पस्टेड यांच्या दरम्यान एक विस्तीर्ण माळरान आहे. एकोणिसाव्या शतकात त्याचा जमीनदार सर टॉमस मेरियन विल्सन हा होता. आपल्या जमिनीवर घरे उठवावीत असे त्याच्या मनात होते. परंतु पित्याच्या मृत्युपत्रामुळे त्याला बांधकामासाठी दीर्घ मुदतीचे पट्टे देता येत नव्हते. त्याने 1829 पासून पार्लमेंटकडे खास कायदा मागण्यास सुरुवात केली आणि दर वेळी शेजाऱ्यांनी त्याला विरोध केला. हे शेजारी काही साधुसंत नव्हते. त्यांच्यातले पुष्कळजण धनवान होते, आणि आपल्या खिडकीतून दिसणारा देखावा नाहीसा होऊ नये हा त्यांचा स्वार्थ होता. परंतु त्या स्वार्थात लोकांचे हित मिसळलेले होते. चाळीस वर्षे हा तंटा चालला. 1869 साली सर टॉमस वारला, वारसाने तडजोड केली, आणि 1871 च्या कायद्यान्वये ते माळरान 45,000 पौंडांना सार्वजनिक मालकीचे झाले. ते कायम मोकळे राहील, त्याला कुंपण पडणार नाही, त्यावर घरे होणार नाहीत, असे कायद्यातच लिहून ठेवले. चांगुलपणावर न विसंबता त्याला कायद्याची मेख मारून ठेवणे, हा पहिला धडा होय.

दुसरी कथा दानाची. सर सिडनी वॉटरलो हा छापखान्याच्या धंद्यात धन मिळवलेला गृहस्थ 1872-73 साली लंडनचा लॉर्ड मेयर होता. कामकरी लोकांना नीट घरे मिळावीत म्हणून त्याने 1863 मध्ये एक कंपनीही काढली होती. हायगेटच्या उतारावरची आपली बाग त्याने 1889 साली लंडन कौंटी कौन्सिलला देऊन टाकली. ज्यांना बाग नाही त्यांच्यासाठी ही बाग, अशी त्यामागची त्याची भावना होती. पुढे लोकांनी बागेत त्याचा पुतळा उभारला. तो तलवार घेतलेला नाही, घोड्यावर बसलेला नाही. त्याच्या हाती साधी छत्री आहे. याच बागेत लॉडरडेल हाऊस हा 1582 साली बांधलेला वाडा आहे. परंतु दान मिळाले म्हणजे सारे झाले असे नाही. 1963 साली या वाड्याला आग लागली आणि पुढे कित्येक वर्षे तो तसाच पडून राहिला. अखेर स्थानिक नागरिकांनी पुढाकार घेतला तेव्हा 1978 मध्ये त्याचे दरवाजे पुन्हा उघडले. दिलेली वस्तू सांभाळणे हेसुद्धा घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

तिसरी कथा केनवुडची. हा वाडा लॉर्ड मॅन्सफील्ड या सरन्यायाधीशासाठी रॉबर्ट ॲडम या शिल्पकाराने 1764 ते 1779 या काळात नव्याने सजविला. याच मॅन्सफील्डने 1772 साली निकाल दिला की, सॉमरसेट नावाच्या गुलामाला मालकाने इंग्लंडमधून बळजबरीने विक्रीसाठी नेणे कायद्याला मान्य नाही. त्याच्या घरात डायडो बेल ही मुलगी वाढत होती. ती त्याच्या पुतण्याची, एका आफ्रिकन गुलाम स्त्रीपासून झालेली कन्या. तिचे स्वातंत्र्य त्याने मृत्युपत्रात लिहून पक्के केले. पहिल्या महायुद्धानंतर ही मालमत्ता घरबांधणीसाठी विकली जाण्याची वेळ आली. तेव्हा साबणाचा कारखानदार सर आर्थर क्रॉसफील्ड याने समिती उभारून वर्गण्या गोळा केल्या आणि जमिनीचा मोठा भाग वाचविला. 1925 साली राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तो लोकांस खुला झाला. वाडा आणि उरलेली जमीन गिनेस मद्याच्या धंद्यातल्या लॉर्ड आयव्हा यांनी विकत घेतली. 1927 साली मरताना त्यांनी ती आपल्या चित्रसंग्रहासह राष्ट्राला दिली. रेम्ब्रांटचे वृद्धपणीचे आत्मचित्र आणि व्हर्मीरची गिटार वाजविणारी तरुणी तेथे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. क्रॉसफील्डचा स्वतःचा विटनहर्स्ट हा अवाढव्य वाडा मात्र आजही खाजगीच आहे!

आता आपल्या मनाजवळची गोष्ट. वॉटरलो बागेपासून थोड्याच अंतरावर, 65 क्रॉमवेल ॲव्हेन्यू या घरात, श्यामजी कृष्ण वर्मा यांनी 1905 साली हिंदी विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाऊस’ उघडले. लंडनमध्ये त्या विद्यार्थ्यांना बिऱ्हाड मिळवतानाही वर्णभेद आडवा येई. 1906 साली विनायक दामोदर सावरकर तेथे राहावयास आले. त्यांच्या वास्तव्याची स्मृतिपाटी आज त्या भिंतीवर आहे. त्या वेळी केनवुडचे फाटक बंद होते. पण वॉटरलो बागेच्या आणि त्या माळरानाच्या वाटेवर कोणी कोणाचा वर्ण विचारण्याचे कारण नव्हते. परकीय सत्तेच्या राजधानीत स्वातंत्र्याची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणांना सावलीपुरती तरी जागा तेथे मोकळी होती. सार्वजनिक बागेचा अर्थ याहून सोप्या रीतीने आम्हांस सांगता येत नाही.

श्रोतेहो, कायदा, दान आणि वर्गणी अशा तीन वाटांनी हायगेटची झाडे वाचली. तीनही वाटांवर काही माणसे वेळेवर जागी होती, एवढेच खरे साम्य. आपल्या गावातही जुने वाडे आहेत, जुन्या बंगल्यांच्या आवारात आंबे, वड आणि चिंचा आहेत. एखाद्या सकाळी तेथे पत्र्याचे कुंपण दिसते आणि आपण हळहळतो. हळहळ ही झाड पडल्यानंतरची भावना आहे. ते उभे असतानाच त्याचा विचार करावा, चार शेजाऱ्यांनी एकत्र बसावे, मालकाशी बोलावे, नगरपालिकेला लिहावे, जमल्यास पदराला खार लावावा, एवढे आमचे मागणे आहे. येथून घरी जाताना वाटेत जे पहिले जुने झाड लागेल, ते कोणाच्या आवारात आहे एवढे जरी आपण पाहिलेत, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.