इंटरनेटची तार आणि माणसाची हजेरी
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



समितीच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला, 'इंटरनेट आणि जगातील स्पर्धा'. मी म्हणालो, अहो, माझं शिक्षण नववीपर्यंत, आयुष्य गेलं साचेखात्यात. एखाद्या इंजिनियर मुलाला बोलवा. ते म्हणाले, इंजिनियर मुलं नोकरी कशी मिळवायची तेवढं सांगून जातात. तुम्ही कामगाराच्या नजरेनं सांगा. म्हणून उभा आहे. वाचून जे समजलं ते सांगतो. जिथं अडलं तिथं वस्तीतल्याच पोरांकडून समजून घेतलं आहे.

स्पर्धा आम्हा गिरणीवाल्यांना नवी नाही. लँकेशायरच्या कापडाची आणि मुंबईच्या कापडाची स्पर्धा आमच्या आजोबांच्या काळापासूनची. पण लँकेशायरच्या विणकऱ्याची आणि आमच्या आजोबांची गाठ कधी पडली नाही. मध्ये दोन मालक होते, बोट होती, जकात होती. इंटरनेटनं हे मधलं सगळं काढून टाकलं. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमनं आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. 1997 साली इंग्लंडपासून जपानपर्यंत समुद्राच्या तळातून टाकलेली काचेच्या तंतूंची केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली. तेव्हा आम्ही पाळी करून घरी जात होतो. समुद्रातून काय आलं याचा पत्ताही नव्हता. आज कल्याणची मुलगी आणि मनिलाचा मुलगा एकाच क्षणी एकाच कामावर बोट ठेवतात. ज्याचं बोट आधी, त्याचं काम.

पण या तारेवरून पहिल्यांदा जे मोठं काम झालं ते स्पर्धेचं नव्हतं. ते आधी सांगतो.

फिनलंड नावाचा थंडीचा देश आहे. तिथं हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा 21 वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या घरची भाषा स्वीडिश, म्हणजे त्या देशात अल्पसंख्याकांची. कॉम्प्युटर चालवायला त्याच्या पोटात एक मूळ प्रोग्राम लागतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मोठ्या कॉम्प्युटरवरची चांगली सिस्टिम त्या काळी एकट्या विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी नव्हती. या पोरानं आपल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी स्वतःच लिहायला घेतली. 25 ऑगस्ट 1991 रोजी त्यानं नेटवर जाहीर कळवलं की मी असं असं करतो आहे, नुसता छंद आहे, काही मोठं होणार नाही, तुम्हाला काय हवं-नको ते सांगा. पुढच्याच महिन्यात सुमारे 10 हजार ओळींचा प्रोग्राम त्यानं सगळ्यांसाठी ठेवून दिला. तो लिनक्स.

आता यात इंटरनेटनं काय केलं ते बघा. कुणाला त्यात चूक सापडली तर तो सगळा प्रोग्राम परत पाठवत नव्हता. बदललेल्या दहा-वीस ओळी तेवढ्या पाठवायच्या. त्याला पॅच म्हणतात, पॅच म्हणजे ठिगळ. सदऱ्याला ठिगळ लावायला कुणी अख्खा तागा पाठवत नाही, तसंच. आधीच्या काळी टेप भरून टपालानं पाठवा, महिनाभर वाट बघा. नेटवर ठिगळ रात्रीतून पोहोचायचं. वेल्समधल्या स्वान्सी गावाहून अ‍ॅलन कॉक्स नावाचा माणूस त्याच्या नेटवर्कच्या भागावर काम करायला लागला, जर्मनीतून कुणी, ऑस्ट्रेलियातून कुणी. ठिगळ बरोबर बसतं का एवढंच बघितलं जायचं. पाठवणाऱ्याला कुणी डिग्री विचारली नाही, बाप काय करतो विचारलं नाही.

माझ्या मनात पहिली शंका आली ती कामगाराची. एवढे लोक फुकट राबले, उद्या एखादा शेठ येऊन सगळा माल उचलून घेऊन गेला तर? त्याची सोय होती. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ आहेत, त्यांनी 1989 साली एक परवाना लिहून ठेवला होता. त्याचा मतलब असा: घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा, पण बदललेली वस्तू दुसऱ्याला दिलीत तर तिचं मूळ लिखाण त्याच अटीवर त्याला मिळालं पाहिजे. टोरवाल्ड्सनं 1992 साली लिनक्स या परवान्याखाली आणलं. माझ्या मते त्याच्या प्रोग्रामाइतकीच मोलाची गोष्ट ती. सगळ्या जगाचं सहकार्य नुसत्या चांगुलपणावर उभं राहिलं असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. ते कागदावर उभं राहिलं.

दुसरी गोष्ट नावाची. 2004 पासून प्रत्येक ठिगळाखाली देणाऱ्याची सही लागते, की हे मी दिलं, मला द्यायचा हक्क आहे. 2005 साली टोरवाल्ड्सनंच गिट नावाची वही तयार केली. कुणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली, सगळं त्यात राहतं. आमच्या मस्टरवर खाडाखोड व्हायची. या वहीत मागचं पान गुपचूप बदललं तर लगेच कळतं.

त्या 10 हजार ओळींच्या आज 3 कोटींच्या वर ओळी झाल्या आहेत. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. जगातले सगळ्यात ताकदवान 500 कॉम्प्युटर मोजतात, त्यातले सगळेच्या सगळे 2017 च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. 2001 साली मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी याला कॅन्सर म्हटलं होतं. तीच कंपनी 2016 साली लिनक्सच्या संस्थेची सभासद झाली. आता तिथं काम करणारे बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पगारी आहेत, हेही सांगितलं पाहिजे. पण परवाना तोच, आणि नावं तिथंच.

आपल्या भाषेतला विकिपीडिया याच चालीवर 1 मे 2003 रोजी सुरू झाला. त्यातल्या लेखाचा 'इतिहास' उघडून बघा, कुणी काय लिहिलं, कुणी काय पुसलं, सगळं सापडेल.

आता त्याच तारेची दुसरी बाजू. 2005 साली अ‍ॅमेझॉन कंपनीनं मेकॅनिकल टर्क नावाचा बाजार उघडला. नावामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1770 साली युरोपात एकानं बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक पुतळा केला होता. लोक थक्क व्हायचे. पुतळ्याखालच्या पेटीत खेळणारा माणूस लपलेला असायचा. नाव ठेवणाऱ्यानं निदान खरं तरी सांगितलं!

या बाजारात काम देणारा बारीक बारीक तुकडे टाकतो: या फोटोत कुत्रा आहे का, ही पावती वाचून लिहा. नगावर पैसे, एका तुकड्याला कमीत कमी एक सेंट. अमेरिकेतले आणि भारतातले लोक त्यात जास्त. काम देणाऱ्यानं 'नापसंत' म्हटलं की पैसे नाहीत, आणि केलेलं काम मात्र त्याच्याकडे पोहोचलेलं असतं. गिरणीत जुन्या काळी कापडात दोष निघाला की विणकऱ्याचा पगार कापायचे. त्यावर भांडणं झाली, संप झाले आणि 1936 साली पगाराचा कायदा आला. दंड करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल असं त्यात लिहिलं गेलं. इथं तेवढंही नाही.

आणि काम येईपर्यंत पडद्याकडे डोळे लावून बसायचं. ज्यांनी बदली म्हणून दिवस काढले त्यांना हे वेगळं सांगायला नको. मीही 1989 साली बदली म्हणूनच लागलो. सकाळी दरवाजावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. पण दरवाजावर आम्ही पन्नास जण एकमेकांना ओळखत होतो, चहा अर्धा-अर्धा करत होतो. मुकादमाचं तोंड दिसत होतं. पडद्यावरच्या बदलीला शेजारी कोण उभा आहे ते दिसत नाही आणि मुकादमही दिसत नाही.

या बाजारातून केवढं काम निघालं त्याचा एक दाखला देतो. अमेरिकेत फे-फे ली या प्राध्यापक बाईंना कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी माणसानं नाव लावलेले लाखो फोटो पाहिजेत. विद्यार्थी बसवून ते होईना. मग हा बाजार सापडला. 167 देशांतल्या जवळपास 49 हजार माणसांनी 1 कोटी 40 लाखांवर फोटो निवडून, त्यांना नावं लावून दिली. त्याचं नाव इमेजनेट. 2012 साली त्याच फोटोंवर टोरांटोच्या जेफ्री हिंटन यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामानं शर्यत जिंकली, आणि आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची सगळीकडे चर्चा आहे तिला मोठी गती तिथून मिळाली. 2024 साली हिंटन यांना नोबेल मिळालं. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी एवढंच शोधत होतो की त्या 49 हजारांची नावं कुठं आहेत. मला सापडली नाहीत.

पेटीतली माणसं गप्प बसली असं मात्र नाही. 2008-09 च्या सुमारास लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या दोघांनी टर्कॉप्टिकॉन नावाची सोय केली. कोणता काम देणारा पैसे बुडवतो, कोण उगाच नापसंत करतो, हे कामगारांनी एकमेकांसाठी त्यात लिहायचं. पुढे 1 मे 2023 रोजी केनियात नैरोबीला, फेसबुक, टिकटॉक आणि चॅटजीपीटी यांच्यासाठी ठेकेदाराकडे राबणारे दीडशेवर लोक एका सभागृहात जमले आणि त्यांनी युनियन करायचं ठरवलं. म्हणजे ज्या तारेनं त्यांना एकमेकांशी स्पर्धेला लावलं, तिच्यावरूनच त्यांनी एकमेकांचे पत्ते काढले.

माझी भाची असंच काम करते. रस्त्याच्या फोटोत मोटारी, माणसं, खांब यांना चौकटी काढायच्या. कंपनी कुठली, कुठल्या देशातली, तिलाही नीट माहीत नाही. मागच्या दिवाळीत तिच्या चार दिवसांच्या चौकटी नापास झाल्या. कारण विचारलं तर छापील उत्तर आलं. ती मला म्हणाली, "मामा, भांडू कुणाशी?" मला उत्तर देता आलं नाही. मी विचारलं, किती चौकटी काढल्या, किती वेळ गेला, किती नापास, काही लिहून ठेवलंस का? म्हणाली, नाही, ते सगळं त्यांच्याकडेच असतं.

गिरणीत मी रोजचे मीटर माझ्या डायरीत लिहायचो. 2020 च्या मार्चमध्ये आमची गिरणी थांबली ती परत सुरू झाली नाही. थकलेल्या पैशांचा हिशेब मांडताना तीच डायरी उपयोगी पडली. तिच्या मागची साठ-सत्तर पानं कोरी राहिली होती. ती मी भाचीला दिली. आता ती रोज रात्री तारीख घालून लिहिते: चौकटी किती, मिनिटं किती, पैसे किती, नापास किती. तिच्यासारखं काम करणाऱ्या दोघी डोंबिवलीच्या आणि एक मुलगा नागपूरचा तिला फोनवर सापडले आहेत. त्यांनीही वह्या घातल्या आहेत. पुढच्या रविवारी चारही वह्या समोर ठेवून आम्ही बसणार आहोत. या वस्तीत आणखी कुणी असं काम करत असेल तर त्यानं यावं, चार वाजता, याच सभागृहात.