संगणक शिकवायचा म्हणजे नेमके काय?
(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही संगणकाचा प्राध्यापक नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमा झालेला इंजिनियर आहे. पण दहावीनंतर ‘कॉम्प्युटर सायन्स घ्यावे का?’ हा प्रश्न इथे चंडीगढमध्ये आपल्या घराघरांत निघतो, म्हणून चार शब्द बोलतो.

आपल्या शाळांत संगणकशिक्षणाची सुरुवात झाली १९८४ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून. निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले, त्यांवर बेसिक भाषा चाले. पुढे सीबीएसईच्या अकरावी-बारावीला सी प्लस प्लस आली, आता पायथन आहे. यंत्रे बदलली, भाषा बदलल्या. क्रमाने विचार करणे मात्र तेच राहिले. शिकवायचे ते हेच.

आमच्या कामातले उदाहरण देतो. गाडी स्टेशनात घ्यायची तर सांधे योग्य दिशेला लागून कुलूपबंद हवेत, आणि रूळ मोकळा हवा, आणि वाटेतले फाटक बंद हवे. यातली एक जरी अट चुकली तरी सिग्नल लालच राहतो. पूर्वी हे काम रिले करीत, आता अनेक स्टेशनांवर संगणक करतो. पण ‘जर-तर’ तेच. शिवाय तार तुटली तर सिग्नल लाल झाला पाहिजे, हेही आधीच ठरवलेले असते. बिघडले तर काय होईल, हा विचार म्हणजे निम्मा प्रोग्राम! तो कागद-पेन्सिलीनेही शिकवता येतो. मुंबई आयआयटीत तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय पुस्तकांतही भर टप्प्याटप्प्याने विचार करण्यावरच आहे.

आज एक वाक्य टाईप केले की यंत्र अख्खा प्रोग्राम लिहून देते. मुले तो वहीत उतरवतात, गुणही मिळतात. पण उद्या त्याच मुलाच्या प्रोग्रामवर कुणाची गाडी, कुणाचे औषध, कुणाचे पैसे अवलंबून असतील.

पालकांनो, तुम्हाला पायथन येत नसले तरी बिघडत नाही. मुलाला जवळ बसवा आणि म्हणा, “हा प्रोग्राम मला मराठीत समजावून सांग.” इंग्रजीतले पाठांतर इथे उपयोगी पडत नाही; समजले असेल तरच आपल्या भाषेत सांगता येते. मग विचारा, “ही ओळ काढली तर काय होईल?” यात दोन फायदे आहेत. संगणक पक्का होतो आणि पंजाबी-हिंदीच्या मुलखात मराठीही जिभेवर राहते.

महाभारत लिहून घेताना व्यासांनी गणपतीला एकच अट घातली होती, अशी कथा आहे: अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आपल्या मुलांसाठी याहून चांगला अभ्यासक्रम मला तरी सुचत नाही.

गणपती बाप्पा मोरया!