अथेन्स नगरी कोणाच्या बळावर उभी राहिली?



आज आम्ही ज्या शहराची हकीकत सांगणार आहोत, ते येथून फार दूर ग्रीस देशात आहे. त्याचे नाव अथेन्स. ह्या शहराचे नाव निघाले की शिकलेली मंडळी तेथील तत्त्वज्ञानी, नाटककार आणि संगमरवरी देवळे वाखाणतात. ते रास्तच आहे. परंतु हे वैभव कोणाच्या बळावर उभे राहिले, हे शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरी आधी कळले पाहिजे.

सुमारे २६०० वर्षांपूर्वी त्या मुलखातील जमीन थोड्या श्रीमंत घराण्यांच्या मुठीत होती. कर्जात बुडालेल्याच्या शेतात खुणेचा दगड रोवला जाई. कर्ज फिटले नाही, तर खुद्द ऋणको गुलाम होई. कित्येक परमुलखात विकले गेले. इ. स. पूर्व ५९४ मध्ये सोलोन नावाच्या पुरुषाकडे कारभार आला. त्याने ते दगड उपटविले, माणसाचे शरीर तारण घेऊन कर्ज देण्यास बंदी केली आणि विकलेल्या पुष्कळांना परत आणविले. जमिनीची फेरवाटणी मात्र त्याने केली नाही. ह्या सुधारणेच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘ओझे झटकून टाकणे’ असा आहे. ज्या बापाने मुलाला कोणताच धंदा शिकविला नाही, त्याला म्हातारपणी पोसण्याचे बंधन मुलावर नाही, असाही सोलोनचा कायदा होता, असे प्लुटार्क लिहितो. आईबापांनो, हे ध्यानात धरा!

पुढे इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिसने राज्याची घडीच बदलली. थोर घराण्यांचे प्रस्थ मोडावे म्हणून त्याने गाव हा कारभाराचा पाया केला. ग्रीक भाषेत गावाला ‘डेमोस’ म्हणत आणि लोकांनाही ‘डेमोस’च म्हणत. लोकशाहीचे ग्रीक नाव ह्याच शब्दावरून पडले. माणसाला बापाच्या नावाऐवजी गावाच्या नावाने ओळखू लागले, म्हणजे नव्याने नागरिक झालेला चारचौघांत उघडा पडू नये. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव होते, तसेच हे. गावोगावचे मिळून ५०० सभासद कारभार पाहात. पुढे ते चिठ्ठ्या टाकून निवडले जात, आणि कोणालाही जन्मात दोनदाच तेथे बसता येई.

इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणच्या बादशहाचे आरमार चालून आले. सलामिसच्या खाडीत त्याला कोणी हटविले? वल्हे मारणाऱ्या गरिबांनी! एकेका युद्धनौकेवर १७० वल्हेकरी लागत. ज्यांच्या दंडाने शहर वाचले, त्यांचे वजन सभेत वाढले. पेरिक्लीसने न्यायसभेत बसणाऱ्यांना रोजी सुरू केली, म्हणून हातावर पोट असलेलाही न्याय करावयास बसू शकला. तेथील कुंभारवाड्याचे नाव केरामाइकोस. मातीच्या भांड्यांना इंग्रजीत जे ‘सिरॅमिक’ म्हणतात, तो शब्द त्याच घराण्यातला. सॉक्रेटिसचा बाप पाथरवट व आई सुईण होती. एरेक्थियन देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत नागरिक, परदेशी आणि गुलाम ह्यांना एकाच कामाची एकच मजुरी लावलेली दिसते. गुलामाची मजुरी त्याच्या धन्याच्या पदरात पडे, ही गोष्ट निराळी.

येथेच त्या शहराची काळी बाजू दिसते. लॉरियनच्या चांदीच्या खाणींत हजारो गुलाम राबत. बायकांना सभेत मत नव्हते. त्याच शहराने इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला. अखेर इ. स. पूर्व ३२२ मध्ये मॅसिडोनियाने अथेन्सला नमविले, तेव्हा पहिली कुऱ्हाड कोठे पडली? ज्यांच्यापाशी २००० द्राख्म्यांची मालमत्ता नव्हती, त्यांचे मत गेले. गरिबाचे मत ज्याला सलते, तो आधी त्यालाच हात घालतो, हे ह्यावरून ओळखावे.

अथेन्सची राजसत्ता लयास गेली. पण सभेत उघड वाद करावा, हाताखालून पैसा गेला त्याने हिशेब द्यावा, आणि कष्टकऱ्याने न्यायास बसावे, ह्या कल्पना जगभर पसरल्या. अथेन्सने जे बायकांना व गुलामांना दिले नाही, ते मत आपल्या देशाच्या १९५० च्या राज्यघटनेने प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला दिले आहे. मग आपण ते कसे वापरतो?

गहाणाचे दगड आता शेतात दिसत नाहीत. ते कागदात असतात. म्हणून मुलीला व मुलाला सारखेच वाचावयास शिकवा. वाचल्यावाचून कागदावर सही-अंगठा करू नका. ग्रामसभेला घरच्या बायांसह जा आणि गावचा हिशेब मोठ्याने वाचावयास लावा. आम्ही गावकरी एवढे करू लागलो, तर अथेन्सची खरी विद्या आपल्या चावडीवर आली असे म्हणता येईल.