जुन्या आउटबोर्ड इंजिनाची ठिणगी : दोष कसा शोधावा?

(देवगड येथे बागायतदार व मच्छीमार बांधवांसमोर केलेले भाषण)



देवगड म्हटले की बाहेरच्या माणसाला हापूस आठवतो. परंतु येथील कितीतरी घरांत कलमांची बाग आहे आणि होडीही आहे. तारामुंबरी, मिठमुंबरी, विजयदुर्ग, वाघोटन या भागांत खाडीत जायचे तर लहान होडीला मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा मोठा आधार असतो. खाडीच्या मुखाशी ते बंद पडले तर ओहोटीची ओढ होडी बाहेर नेते, नाहीतर लाट तिला खडकावर घालते. म्हणून हा विषय केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नाही, जिवाचाही आहे. इंजीन बंद पडल्यास आधी नांगर टाकावा, मग पाना हातात घ्यावा.

ठिणगी कशी पडते?

दोरी ओढली की फ्लायव्हील फिरते. त्यात बसवलेले चुंबक कॉइलजवळून जाताना वीज तयार होते. जुन्या इंजिनात पॉइंट ठरावीक क्षणी उघडतात, प्रवाह तुटतो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगच्या फटीत ठिणगी पडते. पॉइंट जळू नयेत म्हणून कंडेन्सर असतो. नंतरच्या इंजिनांत पॉइंटच्या जागी सीडीआय हा इलेक्ट्रॉनिक भाग आला. यासाठी बॅटरी लागत नाही. आपला पेट्रोलवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप आणि गवत कापण्याचे यंत्र यांतही मॅग्नेटोच असतो. त्यामुळे आज सांगितलेले पुष्कळसे बागेतही उपयोगी पडेल.

आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात

बंद करण्याचे बटण आणि त्याच्या सुरक्षादोरीची चाप जागेवर आहे का, हे प्रथम पाहावे. टाकीचे हवेचे छिद्र उघडे असावे. त्यानंतर प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. इंधनाने ओला असेल तर ठिणगी नाही किंवा चोक जास्त झाला आहे. काळा व तेलकट असल्यास तेलाचे प्रमाण तपासावे. पाण्याचे थेंब दिसल्यास पाणी टाकीतून आले की हेडच्या गॅस्केटमधून, याचा शोध घ्यावा. रॉकेलवर चालणारे इंजीन पेट्रोलवर सुरू करावे, तापल्यावर रॉकेलवर घ्यावे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे. तसे न केल्यास कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहते, पुढच्या वेळी प्लग भिजतो आणि दोष उगाच कॉइलवर जातो.

ठिणगीची परीक्षा

प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, टाकीची नळी काढून व टाकी दूर ठेवून करावे. गिअर न्यूट्रलमध्ये असावा. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग, भोकापासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा. दोन सिलिंडर असल्यास दोन्ही प्लग टेकवावेत. वायर मोकळी ठेवून दोरी ओढू नये, कॉइल किंवा सीडीआय निकामी होऊ शकते.

१) निळी, कडकडीत ठिणगी : ठिणगी बहुधा ठीक आहे. तरी इंजीन सुरू होत नसेल तर इंधन तपासावे. दोरी उलट झटका देत असल्यास फ्लायव्हीलची चावी तुटली असण्याचा संभव आहे.

२) ठिणगी अजिबात नाही : बटणाकडे जाणारी वायर सोडवून पुन्हा पाहावे. ठिणगी आली तर दोष बटणात किंवा त्या वायरीत आहे. खाऱ्या दमटपणामुळे हे वारंवार घडते. ही वायर सोडलेली असताना इंजीन बटणाने बंद होत नाही, म्हणून परीक्षा होताच ती पूर्ववत जोडावी.

३) एकाच सिलिंडरला ठिणगी नाही : कॉइल सारख्या असल्यास अदलाबदल करावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. तेथेच राहिला तर त्या बाजूचे पॉइंट, कंडेन्सर किंवा वायर पाहावी.

४) पिवळी, बारीक ठिणगी : पॉइंट मळले आहेत किंवा कंडेन्सर गेला आहे. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलावा.

५) थंड असताना चालते, तापल्यावर बंद पडते, निवल्यावर पुन्हा सुरू होते : कॉइलचे आवरण कमजोर झाल्याची ही नेहमीची खूण आहे. अंधारात वायरीला तडे गेलेल्या जागी ठिणग्या उडताना दिसतात.

पॉइंटची निगा

पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलके घासावेत व स्वच्छ कोरा कागद त्यांतून ओढून धूळ काढावी. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने फट मोजावी. अनेक जुन्या जॉन्सन व एव्हिनरूड इंजिनांत ती ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. इतर कंपन्यांचे माप वेगळे असते, ते त्यांच्या पुस्तिकेतून घ्यावे. फ्लायव्हील पुलरने काढावे, हातोडीने ठोकू नये. जॉन्सन व एव्हिनरूड बनवणारी मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये पूर्ण थांबले. म्हणून जुना भाग टाकून न देता नमुन्यासाठी जपावा. परीक्षा केल्यावाचून महागडा सीडीआय घेऊ नये.

मिठापासून बचाव

फेरीनंतर इंजीन गोड्या पाण्याच्या पिंपात थोडा वेळ चालवावे. कोरडे चालवू नये, पंपाचा रबरी इंपेलर जळतो. पावसाळ्यात होडी वर काढल्यावर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोरी हळू ओढावी व इंजीन कोरड्या जागी ठेवावे.

होडीत फट लावलेले दोन प्लग, प्लगपाना, जादा दोरी, कोरडे फडके, वल्ही आणि नांगर असल्याशिवाय किनारा सोडू नये. ही परीक्षा घरच्या तरुण मुलांनाही किनाऱ्यावर उजेडात करून दाखवावी, म्हणजे खाडीत रात्री वेळ आली तर त्यांचे हात अडणार नाहीत.