आईच्या घड्याळाची चावी

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. एक इथंच दिलेली, दुसरी पलीकडच्या तालुक्यात. दोघीही आपापल्या गावच्या बचत गटात आहोत, आणि धाकटी आशाताई म्हणून कामही करते. मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत आईच्या घड्याळाचा विषय निघाला, तर तिथल्या चौघीजणी म्हणाल्या, आमच्याही पेटीत सासऱ्यांचं घड्याळ बंद पडून आहे, वडिलांचं आहे, त्याचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून केंद्रावरच्या ताईंनी आम्हाला बोलायला बोलावलं. दोघी एकदम बोलायला लागलो तर सांभाळून घ्या.

आमची आई उपकेंद्रावर नर्स होती. १९७६ साली तिनं घड्याळ घेतलं, एचएमटी जनता. ते पुरुषांचं घड्याळ. त्या वेळी बायकांची घड्याळं नखाएवढी असायची आणि बऱ्याच घड्याळांना सेकंदकाटाच नसायचा. आईला तर सेकंदकाटाच हवा होता. मोठ्या माणसाची नाडी ती अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची. तान्ह्या बाळाचे श्वास मात्र पुरं एक मिनिट मोजायची, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर घरात थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे धाकटीला आशाच्या प्रशिक्षणात शिकवलं, तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, अगं, हे तर आई करायची. बाळाच्या पोटावर नजर, मग घड्याळावर नजर, आणि ओठ हलतायत. आम्ही लहानपणी समजायचो, आई मंत्र म्हणते.

पुढं आमच्या भावानं पहिल्या पगारातून तिला सेलचं घड्याळ आणलं. मुलानं दिलेलं घालायलाच हवं, म्हणून जनता गेलं पेटीत, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून. ते तिथंच राहिलं.

आई गेली त्याला तीन वर्षं झाली. वडील तिच्या आधीच गेले होते, तेव्हा आम्ही दोघींनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या होत्या. २००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय हे आम्हाला माहीत होतं. तरी सह्या केल्या, कागद न वाचता केल्या. का केल्या, ते इथं ऐकणाऱ्या निम्म्या जणींना सांगायला नको. माहेर तुटू नये म्हणून. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं बोलू. पण आईच्या दिवसांनंतर पेटी उघडली, तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो, दादा, घड्याळ आम्हाला दे. दादानं उलटसुलट करून बघितलं. तबकडीवर सतरा ज्वेल लिहिलेलं होतं. तो म्हणाला, यात माणकं आहेत की काय, किंमत येईल याला. वहिनी म्हणाल्या, अहो देऊन टाका, त्यांना आईची आठवण पाहिजे. वहिनींनी दिलं म्हणून मिळालं, हे आम्ही कबूल करतो.

आता दुरुस्तीचं. इथं आमची चूक झाली, ती आधी सांगतो.

आम्ही घड्याळ घेऊन जवळच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. त्या दुकानाचं नाव सांगत नाही. त्यानं चावी फिरवून बघितली, कानाला लावलं आणि म्हणाला, मशीन गेलंय, याचं सामान मिळत नाही, आत सेलचं मशीन बसवून देतो, २५० रुपये, उद्या या. आम्ही मान हलवली. पावती मागितली नाही, फोटो काढला नाही, काही विचारलं नाही. जशा त्या सह्या केल्या, तसंच घड्याळ काउंटरवर ठेवून एसटी पकडली.

रात्री थोरलीला झोप लागेना. तिनं फोन केला, अगं, आतलं काढून टाकलं तर मग आईचं काय राहिलं त्यात? नुसता डबा? सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही परत गेलो. त्यानं मशीन अजून बदललं नव्हतं, पण काटे आणि तबकडी काढून ठेवली होती. बसवा परत, आम्हाला तसंच द्या, म्हटल्यावर तो वैतागला. बसवताना सेकंदकाटा सापडेना. केसासारखा बारीक तो काटा. आम्ही दोघी मोबाईलच्या उजेडात त्याच्या दुकानाच्या फरशीवर गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधत होतो. नाही मिळाला. तो म्हणाला, दोन काट्यांवर वेळ कळतेच की ताई.

ज्या काट्यासाठी आईनं ते घड्याळ घेतलं, तोच गेला. त्याच्याशी भांडलो नाही. काय म्हणून भांडणार? काटा होता याचा पुरावाच आमच्याकडं नव्हता.

नंतर आमच्या गटातल्या एकीच्या मामांनी साताऱ्यातल्या एका घड्याळजींचा पत्ता दिला. एका बोळात, जिन्याखाली त्यांचं एवढंसं टेबल. पंचाहत्तरीचे असतील. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि आमच्यासमोर मागचं झाकण उघडलं. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे आम्हाला जवळ बोलावून आत बघायला लावलं. एक छोटं चाक दाखवलं, त्याच्या पोटात केसापेक्षा बारीक कमान. चिमट्याच्या टोकानं त्यांनी त्या चाकाला जरासं हलवलं, तर ते दोनतीनदा डोललं आणि थांबलं. म्हणाले, "बघा, घड्याळ मेलेलं नाही. तेल वाळलंय. वाळलेल्या तेलात धूळ बसून चिकटा झालाय. पंचवीस वर्षं गाडी गॅरेजला न नेता उभी ठेवली तर ती सुरू होईल का?"

पंचवीस वर्षं कशावरून, असं आम्ही विचारलं. त्यांनी झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथं सुईनं खरडल्यासारखे अगदी बारीक आकडे होते. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की आतून तारीख कोरून ठेवायचे, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. आम्हाला भिंगातून वाचता आलं ते असं: ८२, ८७, ९२, ९७. म्हणजे आई दर पाच वर्षांनी घड्याळ साफ करून आणत होती. आम्हाला हे माहीतच नव्हतं. तिचा पगार, आमची शिक्षणं, वडिलांचं आजारपण, त्यातून ती हे पैसे बाजूला काढत होती आणि कुणाला बोलली नव्हती. शेवटचा आकडा ९७. पुढच्याच वर्षी दादाचं सेलचं घड्याळ आलं.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. चावी दिली की डबीतली मोठी कमान गुंडाळली जाते, ती हळूहळू सुटते, आणि ते बळ चाकांमधून त्या डोलणाऱ्या चाकापर्यंत जातं. ते चाक सेकंदाला पाच ठोके देतं. तासाला १८,०००. दिवसरात्र चाललं तर चार लाख बत्तीस हजार. एवढे ठोके घेणाऱ्या आसांना घासू नये म्हणून ते माणकांच्या भोकात फिरतात. ती सतरा माणकं म्हणजे हीच. कारखान्यात बनवलेली असतात, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, विकायला गेलात तर चहाचे पैसे सुटणार नाहीत. दादाला हे सांगितलं तेव्हा तोही हसला.

सर्व्हिसिंग म्हणजे वरून थेंबभर तेल सोडणं नव्हे, हे लक्षात ठेवा. सगळं मशीन सुटं करतात, प्रत्येक चाक, प्रत्येक पट्टी धुतात, झिजलंय का बघतात, परत जुळवतात, आणि ठरावीक जागीच सुईच्या टोकाएवढं तेल देतात. न धुता तेल सोडलं तर घड्याळ महिनाभर पळतं आणि पुन्हा बंद पडतं. म्हणून विचारायचंच, काका, खोलून धुणार का?

सुट्या सामानाचंही त्यांनीच सांगितलं. एचएमटीनं घड्याळं बनवायला १९६१ साली बंगळूरला सुरुवात केली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं. २०१६ साली सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. त्यामुळं आता सामान मिळतं ते कारागिरांकडं उरलेलं, नाहीतर मेलेल्या घड्याळांतून काढलेलं. त्यांच्याकडं बिस्किटांच्या डब्यात असली पन्नासेक घड्याळं होती. त्यातल्या एका जनताचा सेकंदकाटा त्यांनी आमच्या घड्याळाला लावला. तो आईचा काटा नाही. कुणाचा असेल, कोण जाणे. पण चालतो.

या वेळी आम्ही शहाण्यासारखं वागलो. घड्याळाचे पुढून, मागून आणि झाकण उघडून आतून फोटो काढले. मागच्या बाजूचे नंबर वहीत लिहिले. काय काय करणार, किती पैसे, कधी मिळणार, हे कागदावर मागितलं. काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्या, असं सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. उलट म्हणाले, असं विचारणारं गिऱ्हाईक बरं असतं. काच खरचटली होती ती बदलली. तबकडी पिवळी पडलीय, नवीन रंगवून देऊ का, असं त्यांनी विचारलं, तर आम्ही नको म्हणालो. त्यांनाही ते पटलं. जुन्या तबकड्या रंगवून चकाचक केलेली घड्याळं हल्ली ऑनलाइन खूप विकतात, पण रंगवलेली तबकडी म्हणजे जुन्या फोटोवर रंग फासल्यासारखं, असं त्यांचं मत. आमचंही तेच झालं.

धुणं, तेल, काच, काटा, पट्टा, सगळे मिळून ९२० रुपये झाले. त्या पैशात सेलची दोन घड्याळं आली असती, हे आम्हाला घरी ऐकावं लागलं. दोघींनी निम्मे निम्मे दिले. पंधरा दिवस लागले, कारण जुळवून झाल्यावर ते आठवडाभर घड्याळ उताणं, पालथं, उभं ठेवून किती मागंपुढं जातंय ते बघतात.

आता एक फजिती. घरी आणल्यावर चार दिवस झकास चाललं. मग दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढं जायला लागलं. आम्ही मनातल्या मनात काकांना बोल लावले, पुन्हा एसटीचं भाडं खर्च केलं. त्यांनी घड्याळ होकायंत्राजवळ धरलं, तर सुई हलली. म्हणाले, रात्री कुठं ठेवता? थोरली म्हणाली, फळीवर, रेडिओवर. रेडिओच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. त्यानं ती केसासारखी कमान भारली जाते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ पळत सुटतं. त्यांनी एका छोट्या यंत्रावर घड्याळ धरलं, बटण दाबलं, हळूच लांब नेलं. झालं. पैसे घेतले नाहीत. तर सख्यांनो, ज्या रेडिओवर तुम्ही आत्ता आम्हाला ऐकताय, त्याच्यावर घड्याळ ठेवू नका. मोबाईलच्या चुंबकाच्या कव्हरजवळही नको.

ज्यांच्या पेटीत असं घड्याळ आहे, त्यांनी बंद घड्याळाची चावी जोर लावून फिरवू नका. वाळलेल्या तेलावर ते चालवलं तर आस झिजतात. चालू झाल्यावर रोज एकाच वेळी चावी द्यायची, हातातून काढून द्यायची, आणि अडखळली की थांबायचं. एका चावीवर साधारण दीड दिवस चालतं. दिवसाला अर्धा-एक मिनिट मागंपुढं झालं तर तो दोष समजू नका. आणि धुणं-भांडी करताना काढून ठेवा. जुन्या घड्याळाला पाणी सोसत नाही.

घड्याळ एक आणि आम्ही दोघी, त्याचंही ठरवलंय. एक महिना थोरलीकडं, एक महिना धाकटीकडं. गटाच्या मासिक बैठकीच्या दिवशी देवाणघेवाण होते. बरोबर एक वही असते, तिच्यात रोज किती सेकंद मागं, किती पुढं ते लिहायचं. धाकटीला गृहभेटीसाठी सरकारी घड्याळ मिळालंय, बाळाचे श्वास ती त्याच्यावरच मोजते, कामाला तेच वापरायचं. आईचं घड्याळ तेव्हा दुसऱ्या हातावर असतं. लोक विचारतात, ताई, दोन घड्याळं?

पुढची सर्व्हिसिंग पाच वर्षांनी. झाकणाच्या आत, ९७ च्या खाली, काकांनी यंदाचा आकडा कोरलाय. आम्ही बघायला मागितला, त्यांनी भिंग आमच्या हातात दिलं.