बागेतली तोफ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागल्या सभेत एका भगिनीने विचारले होते की, माजी सैनिकांच्या स्मारकबागेत मधोमध ते लोखंडाचे धूड कशाला? कोपऱ्यात सारले तर मुलांच्या घसरगुंडीला जागा होईल. प्रश्न रास्त आहे. घसरगुंडी हवीच. पण तोफ हलविण्यापूर्वी ती कोण, एवढे ऐकून घ्यावे.

आपण नाशिककर, देवळालीकडच्या सरावाचे धडाके आपल्याला नवे नाहीत. ही त्याच घराण्यातली, जुनी 'पंचवीस पौंडी'. गोळ्याचे वजन पंचवीस पौंड, म्हणजे ११ किलोंहून थोडे अधिक. पल्ला सुमारे १२ किलोमीटर. नाशिक रोड स्टेशनापाशी डागली तर गोळा पंचवटीच्याही पलीकडे पडावा. खाली एक लोखंडी गोल चकती असे. तीवर चाके चढवली की सगळी तोफ जात्यासारखी फिरे. आधी गोळा, मागून दारूचे पितळी नळकांडे. जवळ मारायचे तर दारू कमी, लांब मारायचे तर जास्त. हा अंदाज आपल्याला तिखटमिठावरून कळायला हरकत नाही! राबायला सहा माणसे. दुसऱ्या महायुद्धात ही आफ्रिकेच्या वाळवंटात आणि ब्रह्मदेशात लढली. पुढे १९४७-४८ साली काश्मीरात, १९६५ सालीही आपल्या सैन्याजवळ होती.

पायदळाच्या पलटणींना निशाण असते. तोफखान्याला वेगळे निशाण नाही. तोफ हेच त्यांचे निशाण. ती शत्रूच्या हाती जाणे म्हणजे निशाण जाणे. १९४४ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशातल्या कलादान खोऱ्यात हवालदार उमरावसिंग हे आपल्या तोफेपाशी असेच उभे राहिले. हल्ल्यामागून हल्ले आले, सोबती पडले, दारूगोळा संपला. तेव्हा तोफ उचलण्याची लोखंडी पहार घेऊन ते झुंजले. काही तासांनी सापडले ते तोफेशेजारी, जखमांनी ओळखू न येण्याजोगे, पहार हातात तशीच. आसपास दहा शत्रुसैनिक मरून पडलेले. तोफ मात्र शाबूत होती. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे गृहस्थ २००५ पर्यंत हयात होते.

मला विचाराल तर युद्धाचे कौतुक करू नये. हा गोळा पडला तिथेही कुणाची तरी मुले होतीच. म्हणूनच म्हणते, तोफेची पूजा नको, हारही नको. पण ती अडगळ नव्हे.

आणखी एक सांगायचे राहिले. २०२३ च्या एप्रिलात पाच मुली अधिकारी म्हणून तोफखान्यात दाखल झाल्या, प्रथमच. आपल्या मुली बागेत तोफेवर चढतात तेव्हा हेही त्यांच्या कानावर घालावे.

तेव्हा माझी सूचना अशी: घसरगुंडी विहिरीकडच्या मोकळ्या जागेत बसवावी, तोफ आहे तिथेच ठेवावी. २८ सप्टेंबर हा तोफखान्याचा दिवस. १८२७ साली त्याच तारखेला मुंबईच्या तोफखान्यात एक गोलंदाज तुकडी उभी राहिली, ती आजही आहे. त्या सकाळी आपण चौघीजणींनी बादली-फडके घेऊन जावे. आणि एक विनंती, रागावू नका: नळीवर ओली लुगडी वाळत घालणे आजपासून बंद.