पाडव्याची गाडी आणि पहिलं ऑइल

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाडवा होऊन सहा आठवडे झाले. आत येताना पटांगणात मला चार कोऱ्या गाड्या दिसल्या. एकीच्या बॉनेटवरचं स्वस्तिक अजून पुसलेलं नाही. या गाड्यांचे 1,000 किलोमीटर आता भरत आले असतील आणि पहिल्या फ्री सर्व्हिसचा फोनही येऊन गेला असेल. घरातले थोरले काका सांगतात, "पहिलं ऑइल हजारला बदलूनच घे." सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणतो, "ऑइल दहा हजारला." दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, हा आजचा विषय. विषय छोटा वाटेल. पण घर सोडलं तर आपण आयुष्यभराची बचत जिच्यात घालतो, त्या वस्तूच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे.

काकांना उगाच खोडून काढू नका. ते एका खऱ्या अनुभवावरून बोलतात. मी गॅरेजात उमेदवारी करत होतो तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचे दिवस होते. इंजिन बोअर करून, नव्या रिंगा घालून बांधलं की आमचे मिस्त्री गिऱ्हाइकाला बजावत, "पाचशे किलोमीटर सांभाळून चालवा आणि परत आणा." गाडी आली की इंजिन गरम असतानाच चेंबरचा बोल्ट काढायचा, थोडं ऑइल पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत घ्यायचं आणि थाळी उन्हात तिरकी धरायची. त्या काळसर तेलात बारीक चंदेरी चमक हलताना दिसे. करडी झाक लोखंडाची, पांढुरकी अॅल्युमिनियमची, लालसर दिसली तर बेअरिंगमधल्या तांब्याची. मिस्त्री थाळी माझ्या हातात देत आणि विचारत, "काय दिसतंय, सांग." माझं खरं शिक्षण त्या थाळीत झालं.

ही चमक येते कुठून? जात्याला टाकी लावलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन कळेल. दगड गुळगुळीत झाला की टाकीवाला त्यावर नव्या खाचा पाडतो. त्यानंतरच्या पहिल्या दळणात कच येते, म्हणून ते पीठ माणसांच्या पानात वाढत नाहीत. इंजिनाच्या सिलिंडरला आतून अशाच बारीक तिरकस रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्या रेघांत तेल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा या खरबरीत भिंतीवर घासतात, वरची टोकं झिजतात आणि रिंग व भिंत एकमेकींना नीट बसतात. आपल्याकडे म्हणतात ना, "गाडी मोकळी झाली", ते हे. झिजलेला चुरा तेलातच उतरतो. म्हणून पहिलं दळण टाकून द्यायचं, हा काकांचा न्याय.

तो न्याय त्या काळच्या इंजिनांना शंभर टक्के लागू होता. मधल्या काळात बदल झाला तो कारखान्यात. आज सिलिंडरच्या रेघा पाडून झाल्यावर त्यांची टोकं तिथेच आणखी एकदा बारीक घासून सपाट करतात. खोल रेघा तेलासाठी राहतात, उंचवटे मात्र जातात. म्हणजे पूर्वी गाडीमालक रस्त्यावर जी झीज करत असे, तिचा मोठा हिस्सा आता गाडी विकायच्या आधीच उरकलेला असतो. भाग अधिक नेमके कापले जातात, जोडणीपूर्वी धुतले जातात.

तरीही चुरा शून्य होत नाही. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. नेहमीचा ऑइल फिल्टर 20 ते 30 मायक्रॉनच्या पुढचे कण बहुतेक अडवतो. बेअरिंगमधला तेलाचा थर मात्र काही मायक्रॉनचाच असतो. म्हणजे फिल्टरमधून निसटलेला बारीक कण तेलाबरोबर फिरत राहतो. म्हणूनच जगातले गाडी बनवणारेही एका सुरात बोलत नाहीत. बीएमडब्ल्यू आपल्या एम मालिकेतल्या वेगवान गाड्यांचं ऑइल 2,000 किलोमीटरला बदलायला लावते. उलट होंडाच्या अमेरिकेतल्या माहितीपुस्तकांत ठरलेल्या वेळेआधी पहिलं ऑइल बदलू नका, असं छापलेलं आढळतं. दोघांचीही इंजिनं चांगली आहेत. जे इंजिन जास्त फेऱ्यांवर, जास्त ताणावर पळणार, त्याला लवकर. रोजच्या वापराच्या इंजिनाला घाई नाही.

दुचाकीची गोष्ट वेगळी, आणि ती ठासून सांगतो. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. गिअरच्या दातांचा चुरा, क्लचची झीज, सगळं त्या जेमतेम लिटरभर तेलात जातं. म्हणून तिथे 500 ते 1,000 किलोमीटरच्या दरम्यान पहिलं ऑइल बदलतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला नवी मोटारसायकल दिली असेल, तर ही पहिली सर्व्हिस एक दिवसही लांबवू नका. कदाचित काकांचा हजारचा आकडा घराघरांत टिकून राहिला तो या दुचाक्यांमुळेच.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते बोलतो. माझ्याकडे एकदा निवृत्त शिक्षकांची गाडी आली. अडीच वर्षांची, चाललेली जेमतेम 6,000 किलोमीटर. भाजी मंडई, बँक, देऊळ, एवढाच तिचा प्रवास. पुस्तकात 10,000 लिहिलंय, अजून झाले नाहीत, म्हणून ऑइल कधी बदललेलंच नव्हतं. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पांढुरका थर. टॅपेट कव्हर काढलं, तर खाली काकवीसारखा काळा चिकट गाळ. सर माझ्या शेजारी उभे होते. गाडी त्यांनी जिवापाड जपली होती, रोज स्वतः पुसत होते. त्यांना काय सांगावं, ते मला सुचेना.

झालं होतं ते असं. थंड इंजिनात जळालेल्या इंधनाची वाफ पाणी होऊन तेलात उतरते, थोडं कच्चं पेट्रोलही भिंतीवरून खाली झिरपतं. इंजिन चांगलं अर्धा-पाऊण तास गरम चाललं तर हे पाणी आणि पेट्रोल पुन्हा उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत तेल गरमच होत नाही. पाणी साचतं, आम्ल तयार होतं, तेलातली रक्षक द्रव्यं संपतात. सिग्नलला आणि वाहतूक कोंडीत उभ्या गाडीचंही तेच: इंजिन चालू, तेल तापतंय, झिजतंय, पण किलोमीटरचा काटा जागेवर. म्हणून पुस्तकात 10,000 च्या पुढे "किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. त्याच पुस्तकात कठीण वापराचं एक पान असतं: छोट्या फेऱ्या, धूळ, थांबत-थांबत चालणं, कडक ऊन. अशा वापराला मुदत कमी करा, असं तिथे सांगितलेलं असतं. ते पान वाचा. पुण्या-ठाण्यातला रोजचा वापर त्यात शब्दशः बसतो.

मे महिन्यात कोऱ्या गाडीतून कोकणात जाणं हा आपल्याकडे आनंदाचा भाग आहे, तो जरूर घ्या. पहिल्या 1,000 किलोमीटरपर्यंत दोन गोष्टी पाळा. द्रुतगती मार्गावर तासन् तास एकाच वेगाने पळवू नका. वेग थोडा बदलता ठेवा, रिंगा त्यानेच नीट बसतात. आणि घाटात भरल्या गाडीने वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरू देऊ नका, खालचा गिअर टाका. एक्सिलरेटर तळाला दाबून धरू नका.

पहिल्या सर्व्हिसला कोणी इंजिन फ्लश किंवा तेलात मिसळायची बाटली पुढे केली, तर नम्रपणे नाही म्हणा. नव्या इंजिनाला तिची गरज नाही. बाहेर ऑइल बदललं तर पुस्तकातलाच ग्रेड घाला आणि बिल जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी लागतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला आहे. त्याला कमी राख देणारंच तेल चालतं. काढलेलं ऑइल गटारात जाऊ देऊ नका. कायद्याने तो घातक कचरा आहे, परवानाधारक प्रक्रिया करणाऱ्याकडेच तो गेला पाहिजे. काही खराब झालेलं नसताना तीन-चार लिटर तेल हजारला ओतून देणं मला पटत नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

तेव्हा काका आणि सर्व्हिस सेंटर यांच्यातला माझा निवाडा असा. चारचाकी मोठ्या अंतरावर, मोकळ्या रस्त्यावर चालत असेल तर पुस्तकातला आकडा पाळा. गाडी गावातच फिरत असेल तर पहिलं ऑइल 5,000 किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदला. आणि एक वर्ष कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नका, काटा 2,000 वर असला तरी.

यापेक्षाही निकडीची गोष्ट म्हणजे तेलाची पातळी. रिंगा पूर्ण बसेपर्यंत नवं इंजिन थोडं तेल खातं, आणि कमी तेलावर पळालेलं इंजिन वाचवणं आमच्यासारख्यांच्या हातात राहत नाही. उद्या सकाळी गाडी सपाट जागी असताना, सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडा, डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला आणि खूण पाहा. घरातल्या मुलींना आणि मुलांनाही ते करून दाखवा. दर पंधरवड्याला पाहत जा.